विटेवरची दोन अक्षरं

१. मावशींचा प्रश्न

दोन वर्षांपूर्वी वसईतल्या एका धर्मग्रामात मला बोलायला बोलावलं होतं. तारीख होती ८ फेब्रुवारी. जुनं सभागृह पाडून नवं बांधायला काढलं होतं, त्यामुळे मिस्सा झाल्यावर सगळे आवारातच मांडवाखाली खुर्च्या टाकून बसले. विषय ‘आधुनिक गुलामगिरी’. मी तासभर बोलले. ‘काही प्रश्न?’ म्हटल्यावर नेहमीप्रमाणे सगळे चहाच्या टेबलाकडे बघायला लागले. मग पहिल्या रांगेतल्या एक मावशी उठल्या.

“बाय, तू सांगतेस ते खरं असेल. पण गुलामगिरी तर केव्हाच बंद झाली ना? आम्ही शाळेत शिकलो ते. आफ्रिकेत होती, अमेरिकेत होती. आपल्या चर्चमध्ये हा विषय कशाला?”

प्रश्नात कुजकेपणा नव्हता. जे पंचवीस जण चहाकडे बघत होते त्यांच्याही मनात तोच प्रश्न होता. मी काहीतरी पाच मिनिटांचं उत्तर दिलं आणि ते मलाच पटलं नाही. उत्तर जुळवता जुळवता माझी नजर मावशींच्या मागे रचलेल्या विटांच्या थप्पीवर होती. प्रत्येक विटेच्या पोटात खोलगट चौकोन आणि त्यात उमटलेली दोन अक्षरं. भट्टीवाल्याची खूण. साच्यात ती उलटी कोरलेली असते, वीट पाडली की सुलटी उमटते. ती वीट पाडणारी माणसं कोण, हे त्या आवारात कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

हे प्रकरण म्हणजे मावशींना तेव्हा द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

२. शरणपूरची मुलं

‘आपला काय संबंध?’ याचं उत्तर शोधायला आधी नाशिकला जाऊ. तिथला शरणपूर रोड कोणाला माहीत नाही? दुकानं, दवाखाने, वाहनांची गर्दी. पण हे नाव कुठून आलं असं विचारलं की नाशिककरही जरा थबकतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीनं तेव्हाच्या नाशिक गावाबाहेर एक ख्रिस्ती वस्ती वसवली. आसऱ्याला आलेल्यांचं गाव म्हणून शरणपूर. त्या काळात ब्रिटिश आरमार पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणि अरबी समुद्रातून माणसं वाहून नेणारी गलबतं पकडत असे. सोडवलेल्यांतले कितीतरी मुंबई बंदरात उतरवले जात. त्यातल्या पोरक्या मुलांचं काय करायचं, हा सरकारपुढे प्रश्नच होता. ती मिशनच्या हवाली केली जात आणि बरीचशी शरणपूरला पोचत. तिथे ती अक्षरं गिरवायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. इतिहासाच्या पुस्तकांत ती ‘नासिक बॉइज’ किंवा ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ या नावांनी भेटतात.

त्यांतला एक जेकब वेनराइट. प्रवासी मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मे १८७३ मध्ये आजच्या झांबियातल्या एका खेड्यात वारले, तेव्हा हा जेकब त्यांच्या तांड्यात होता. सोबत्यांनी लिव्हिंग्स्टन यांचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं. अंत्यविधीची प्रार्थना जेकबनं वाचली आणि झाडाच्या खोडावर अक्षरंही त्यानंच कोरली. नंतर ते शव वाळवून, कापडात गुंडाळून, महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत नेलं गेलं. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीच्या मानकऱ्यांत नाशिकला शिकलेला हा तरुणही होता. एके काळी त्यालाच गलबतात कोंबून विकायला नेलं जात होतं.

पुढच्या वर्षीच, १८७५ मध्ये, मोम्बासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रियर टाउन ही वस्ती उभी राहिली, आणि शरणपूरचे बरेच जण तिकडे गेले. वस्तीला नाव होतं सर बार्टल फ्रियर यांचं. ते आधी मुंबईचे गव्हर्नर होते आणि १८७३ मध्ये झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला त्यामागे त्यांच्या वाटाघाटी होत्या. म्हणजे मावशी म्हणतात ती आफ्रिकेतली गुलामगिरी आपल्या दारावरून, आपल्या चर्चमधून गेलेली आहे.

चर्चची बाजू नेहमी उजळ होती असं मात्र समजू नये. बार्बाडोस बेटावर कॉड्रिंग्टन नावाचा उसाचा मळा होता. त्याची मालकी एस.पी.जी. या अँग्लिकन मिशन सोसायटीकडे होती, आणि तिथल्या गुलामांच्या अंगावर तापल्या लोखंडानं ‘सोसायटी’ हा शब्द डागला जात असे. चर्च ऑफ इंग्लंडनं याबद्दल माफी मागितली ती २००६ साली. हीच सोसायटी एकोणिसाव्या शतकात नगर-कोल्हापूरकडेही मिशनचं काम करत होती. गोव्यात तर पोर्तुगीजांच्या भर बाजारात माणसं विकली जात. सोळाव्या शतकात गोव्यात राहिलेल्या लिन्स्खोटेन या डच प्रवाशानं ते लिहून ठेवलंय. घेणारे रविवारी चर्चला जाणारेच होते.

पण जुनी गुलामगिरी ओळखायला सोपी होती. गलबत होतं, बाजार होता, माणसाला किंमत होती आणि खरेदीची पावतीसुद्धा होती. कायदा बदलला की गलबत पकडता येत होतं. आज पकडायला गलबत नाही. माणूस एस.टी.त बसून, स्वतःच्या अंगठ्याचा ठसा देऊन, आपल्या पायांनी चालत जातो. तो गुलाम कसा?

३. कडी कोणत्या बाजूला?

गावाकडच्या दोन खोल्या डोळ्यांसमोर आणा. एक अंधारी, गळकी, उंदरांची. दुसरी स्वच्छ, पंखा लावलेली. पहिलीची कडी आतून आहे, दुसरीची बाहेरून. पहिल्या खोलीतला माणूस गरीब आहे. दुसऱ्या खोलीतला कैदी आहे, त्याला पंखा असला तरी.

तुटपुंज्या पगाराची, कष्टाची, अपमानाची नोकरी ही पहिली खोली. तीही वाईटच, तिच्याविरुद्धही बोलायला हवं. पण माणसाला तिथून उठून जाता येतं. आधुनिक गुलामगिरी म्हणजे दुसरी खोली. काम करणाऱ्याला ‘मी उद्यापासून येत नाही’ असं म्हणता येतं का, आणि म्हटलं तर त्याचं काय होईल? एखादी गोष्ट गुलामगिरी आहे की नाही असा घोळ पडला की मी हाच प्रश्न विचारते. अभ्यासकांच्या व्याख्या लांबलचक आहेत, पण त्यांचा गाभा एवढाच आहे.

बाहेरची कडी बहुधा तीन प्रकारची असते: कर्ज, कागद आणि धाक. कर्जात उचल येते. कागदात आधार कार्ड आणि पासपोर्ट येतात. धाकात मारहाण, पोलिसांची भीती, ‘गावात तुझं नाव घालवीन’ ही धमकी, आणि नुसतं एकटेपणसुद्धा. भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही, फोन नाही, एवढंही पुरतं.

आता आकडे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, वॉक फ्री आणि स्थलांतरितांसाठीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून केलेला अंदाज सांगतो, की २०२१ मध्ये कोणत्याही एका दिवशी जगात सुमारे ४ कोटी ९६ लाख माणसं अशा स्थितीत होती. साधारण दर दीडशे माणसांमागे एक. यांपैकी २ कोटी ७६ लाख सक्तीच्या मजुरीत, २ कोटी २० लाख सक्तीच्या लग्नात. सक्तीच्या मजुरीतले सुमारे ६३ लाख वेश्याव्यवसायात अडकवलेले. चर्चमध्ये हा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त कामाठीपुरा येतो, म्हणून शेवटचा आकडा मुद्दाम दिला. उरलेले दोन कोटींहून जास्त लोक शेतात, बांधकामावर, कारखान्यात, बोटीवर, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात किंवा काही देशांत थेट सरकारच्याच कामावर आहेत.

२ डिसेंबर २०१४ रोजी व्हॅटिकनमध्ये पोप फ्रान्सिस यांच्यासोबत अँग्लिकन, ऑर्थोडॉक्स, मुस्लिम, ज्यू, बौद्ध धर्मनेत्यांनी आणि आपल्याकडच्या माता अमृतानंदमयींनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. २०२० पर्यंत आधुनिक गुलामगिरी संपवायची असं त्यात ठरलं. २०१६ चा अंदाज ४ कोटी ३ लाखांचा होता. २०२१ चा वर दिलाच आहे. मोजायच्या पद्धतीत थोडा फरक पडतो, मान्य. पण संख्या घटली असं कोणीच म्हणत नाही.

४. उचलीचा हिशेब

नगर-बीडकडच्या पाळकांना ‘उचल’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ऊसतोडीला जायच्या आधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, दोन माणसांचा हिशेब एका हत्यारात. आमच्या वसई-पालघर-भिवंडी पट्ट्यात हाच प्रकार वीटभट्टीवर चालतो. दिवाळी झाली की कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं बिऱ्हाड पाठीवर घेऊन भट्टीवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात.

प्रत्येक उचल म्हणजे गुलामगिरी नव्हे, हे आधीच सांगते. गरजेला आगाऊ पैसे कोण घेत नाही? गोष्ट हिशेबात बिघडते. म्हणून एक हिशेब मांडून बघू. आकडे मी समजायला घेतलेत, रीत खरी आहे.

एका जोडप्यानं भाद्रपदात ४०,००० रुपये उचल घेतली. भट्टीवर २६ आठवडे काम. दर आठवड्याला बाजारासाठी शेठ १,२०० रुपये ‘खर्ची’ देतो. ती मजुरी नसते, तीही खात्यावर चढते. म्हणजे ३१,२००. एकूण नावे ७१,२०० रुपये.

आता जमा. गारा करायचा, साच्यात भरायचा, वीट पाडायची, सुकायला लावायची. पहाटे तीनला उठून दोघांनी हंगामात ९०,००० विटा पाडल्या. हजारी ७५० रुपये. झाले ६७,५००. तूट ३,७०० रुपये.

एवढ्यात संपलं असतं तर बरं. मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला, ८,००० कच्च्या विटांचा चिखल झाला. नुकसान मजुराच्या माथी, ६,००० रुपये वजा. पोराला ताप आला, दवाखान्याला शेठनं ३,००० दिले. तूट १२,७००. पावसाळ्यात घर शाकारायला आणि तांदळाला १०,००० हवेत, ते शेठशिवाय कोण देणार? आता २२,७००. पुढच्या दिवाळीला दुसऱ्या भट्टीवर जायचं म्हटलं तर आधी हे फेडा. वही शेठकडे, आणि वही वाचता येणारं घरात कोणी नाही.

दिवसाची मजुरी काढून बघा. आठवड्याचे सहा दिवस धरले तर १५६ दिवस, दोन माणसं. माणशी दिवसाला सुमारे २१६ रुपये, किमान वेतनाच्या कितीतरी खाली. आणि यात विटा उलटणारी, राख पसरणारी पोरं मोजलेलीच नाहीत.

यावर कायदा काय म्हणतो? घटनेचं कलम २३ वेठबिगारीला मनाई करतं. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं असं बांधून ठेवणारं कर्जच रद्द ठरवलं. मजूर त्या २२,७०० रुपयांचा देणेकरी राहतच नाही. दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये आणखी पुढचं सांगितलं. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत कोणी राबत असेल तर ती सक्तीची मजुरीच, कारण तिथे गरिबीच त्याला ढकलत असते. मग १९८३ च्या बंधुआ मुक्ती मोर्चाच्या निकालात न्यायालय म्हणालं, की मजूर सक्तीनं राबतोय असं दिसलं की उचल आहे असं गृहीत धरा. तसं नाही हे मालकानं सिद्ध करावं.

हा इतिहास वसईला परका नाही. इथल्याच तालुक्यात लग्नाच्या कर्जापायी आयुष्यभर राबणाऱ्या माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी आदिवासींना संघटित करून ही वेठबिगारी मोडायला घेतली, १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली, आणि १९९९ मध्ये लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलनं दोघांना पुरस्कार दिला. त्या मांडवातल्या मावशींच्या तरुणपणी, त्यांच्या घरापासून तासाभराच्या एस.टी. प्रवासावर हे सगळं चाललं होतं. मावशी शाळेत अमेरिका शिकल्या. त्यात त्यांचा दोष नाही.

५. बखिता आणि दार

भाषणासाठी ८ फेब्रुवारीच का, हेही तेव्हा कोणी तरी विचारलं होतं. या तारखेला १९४७ मध्ये इटलीतल्या स्कियो गावी एक म्हाताऱ्या धर्मभगिनी वारल्या. सिस्टर जोसेफिन बखिता. माहीम किंवा अंधेरीच्या कनोसा शाळेत शिकलेल्या वाचकांनी त्यांचं चित्र पाहिलं असेल, त्या कनोसाच्याच सिस्टर.

सुदानमधल्या दारफुर भागात १८६९ च्या सुमारास जन्म. सात-आठ वर्षांची असताना तिला पळवलं. धसक्यानं ती स्वतःचं नावच विसरली. ‘बखिता’ हे तिला पळवणाऱ्यांनी ठेवलेलं नाव, अरबीत त्याचा अर्थ ‘नशीबवान’. ती पुन्हा पुन्हा विकली गेली. एका मालकिणीनं हौसेनं तिच्या अंगावर पात्यानं नक्षी कोरून घेतली आणि चिरांत मीठ चोळलं. १८८३ मध्ये खार्टुममधल्या इटालियन वाणिज्यदूतानं तिला विकत घेतलं. तो चांगला वागला. १८८५ मध्ये तो मायदेशी परतला आणि तिला ओळखीच्या मिकिएली कुटुंबाला देऊन टाकलं. तिथे ती त्यांच्या छोट्या मुलीला सांभाळू लागली.

आता कडीची गोष्ट आठवा. मिकिएलींच्या घरी मार नव्हता, उपास नव्हते, मुलीचा लळा होता. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, पोरीचं नशीब उघडलं. मालकीणबाईंना सुदानमध्ये हॉटेल चालवायला जायचं होतं, म्हणून त्यांनी काही काळासाठी मुलगी आणि बखिता दोघींना व्हेनिसच्या कनोसा सिस्टरांकडे ठेवलं. १८८९ मध्ये त्या न्यायला आल्या आणि बखिता म्हणाली, मी येणार नाही. त्याच क्षणी कळलं की कडी बाहेरून होती. मालकीणबाई संतापल्या, रडल्या, ही आमची आहे म्हणाल्या. सिस्टरांनी तिला बाहेर काढलं नाही. प्रकरण व्हेनिसच्या धर्मप्रमुखांपर्यंत आणि सरकारी वकिलापर्यंत गेलं, आणि २९ नोव्हेंबर १८८९ रोजी निर्णय झाला: इटलीचा कायदा गुलामगिरी मानतच नाही, त्यामुळे ही मुलगी इथे गुलाम असू शकत नाही. ९ जानेवारी १८९० रोजी तिचा बाप्तिस्मा झाला. पुढे स्कियोच्या मठात तिनं स्वयंपाक केला, शिवण केलं, आणि वर्षानुवर्षं मठाचं दार सांभाळलं.

२००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संतपद दिलं. २०१५ पासून तिचा स्मृतिदिन मानवी तस्करीविरोधी प्रार्थना आणि जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. या कामासाठी धर्मभगिनींच्या आंतरराष्ट्रीय संघानं २००९ मध्ये ‘तलीथा कूम’ नावाचं जाळं सुरू केलं. मार्कच्या शुभवर्तमानात येशू याईराच्या मुलीला जे दोन अरामी शब्द म्हणतो, ते हे: मुली, ऊठ.

बखिताच्या गोष्टीत लोक छळावर थांबतात. मला तिच्यातली सर्वांत कामाची गोष्ट वाटते ती ही, की ‘नाही’ म्हणायला तिला एक जागा मिळाली. मालकाच्या घराबाहेर, जिथे दुसरी माणसं होती.

६. घरातली मुलगी

हे लिहायला मला जड जातंय. मी नऊ वर्षांची असताना आमच्या घरी एक मुलगी कामाला होती. चौदाची असेल. छोटा नागपूरकडची, आदिवासी, ख्रिस्ती. ‘आपल्यातलीच मुलगी, घरात मिसळून जाईल,’ असं म्हणत ओळखीच्या एक बाई तिला घेऊन आल्या होत्या. तिचं नाव आम्हाला म्हणायला अवघड, म्हणून आईनं तिला सोपं नाव ठेवलं. पगार आई तिच्या लग्नासाठी साठवायची. वही होती, आईच्या कपाटात. रविवारी ती आमच्याबरोबर मिस्साला यायची आणि शेवटच्या बाकावर माझ्या धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसायची. धर्मशिक्षणाच्या वर्गात ती कधी बसली नाही, कारण त्या वेळी घरी स्वयंपाक असे.

एका नोव्हेंबरात पत्र आलं, वडील आजारी आहेत. तिनं जायचं विचारलं. आई म्हणाली, नाताळ होऊन जाऊ दे, पाहुणे यायचेत, मग जा. ती जानेवारीत गेली. वडील डिसेंबरात गेले होते.

माझी आई दुष्ट नव्हती. तिनं त्या मुलीला कधी हात लावला नाही, शिळं वाढलं नाही. ‘घरातलीच आहे’ हे ती मनापासून म्हणायची. पण घरातल्या माणसाला वडिलांना बघायला जायची परवानगी मागावी लागत नाही.

या मुलींच्या बाजूनं बोलायला सुरुवात केली ती बेल्जियमहून आलेल्या सिस्टर जीन डेव्होस यांनी. १९८५ मध्ये त्यांनी घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ उभी केली. आज चौदा वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवणं गुन्हा आहे. तशी बंदी १० ऑक्टोबर २००६ पासून लागू झाली. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरकामगारांसाठी १८९ वा करार केला. त्यात अगदी साध्या गोष्टी आहेत: आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टी, आणि ओळखपत्रं कामगाराच्या स्वतःच्या ताब्यात. भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं, पण तो अजून स्वीकारलेला नाही. ‘आधार माझ्याकडेच ठेवलंय, हरवेल म्हणून’ असं आपण किती सहज म्हणतो, ते आठवून बघा.

कागदाच्या कडीची दुसरी बाजू वसई-गोव्याच्या ख्रिस्ती घरांना चांगली ठाऊक आहे, कारण तिथे आपली माणसं कामगार असतात. कित्येक आखाती देशांत व्हिसा एका प्रायोजकाशी, कफीलशी, बांधलेला असतो. त्यानं पासपोर्ट काढून घेतला की नोकरी सोडणं अशक्य होतं. भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, मालकाला तो ठेवून घ्यायचा अधिकार नाही, एवढं जाणाऱ्याला आधी सांगितलं तरी उपयोग होतो. घरकामाला जाणाऱ्या बाईला आपल्या सरकारनं तीस वर्षांची अट घातली आहे. कोणी एजंट पंचविशीतल्या मुलीला ‘व्हिजिट व्हिसावर चल, तिकडे बदलून घेऊ’ म्हणाला तर तिथेच थांबावं. आणि अलीकडे इंग्रजी येणाऱ्या, शिकलेल्या पोरांनाही बँकॉकची नोकरी सांगून म्यानमार-कंबोडियाच्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलं जातं. तिथे चौकीदार बंदूकवाला असतो.

७. बघायला शिकणं

मग चर्चनं काय करायचं? वर्षातून एक प्रवचन आणि साखळदंडांचं एक पोस्टर, याचा मला अनुभव आहे. लोक हळहळतात आणि घरी जातात. पोस्टरवरचा साखळदंड तर उलट नुकसान करतो. तो दिसला नाही म्हणजे सगळं ठीक, असं डोळ्यांना शिकवतो.

इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंड आणि कॅथलिकांच्या एका गटानं मिळून २०१८ मध्ये एक साधी गोष्ट केली. तिकडे हातानं गाड्या धुणाऱ्या ठिकाणी परदेशी मजुरांना डांबून राबवतात अशा तक्रारी होत्या. त्यांनी मोबाइलवर एक ॲप काढलं. गाडी धुवायला दिली की ग्राहकानं नुसतं बघायचं: मजुरांना हातमोजे, बूट आहेत का? ते तिथेच राहतात असं दिसतं का? घाबरलेले आहेत का? उत्तरं भरली की शंकास्पद असेल तर कुठे कळवायचं ते ॲप सांगे. ही कल्पना मला आवडते, कारण ती रोजच्या कामातच बघायला शिकवते.

आपल्याकडे ॲपची गरज नाही. धर्मग्रामात कोणाच्या घरी कोण राहतं हे फादरांपेक्षा शेजाऱ्यांना जास्त माहीत असतं. मिस्साला शेवटच्या बाकावर कोणाचं तरी मूल घेऊन बसलेल्या मुलीला तिचं नाव विचारता येतं, खरं नाव. तिला रविवारी दुपारी सिस्टरांकडे यायला सांगता येतं, आणि मालकीणबाईंनी नाही म्हटलं तर ते लक्षात ठेवता येतं. पाळकांनी परगावी निघालेल्या मुलीला शिफारसपत्र देण्याआधी पत्ता आणि फोन मागून घ्यावा, आणि महिन्याभरानं त्या फोनवर तिच्याशीच बोलावं.

उत्साहाच्या भरात काही गोष्टी मात्र करू नयेत. भट्टीवर जाऊन शेठशी भांडू नये, त्याचा राग संध्याकाळी मजुरावर निघतो. फोटो काढून पसरवू नयेत. कर्ज फेडून माणूस सोडवू नये. कायद्यानं जे कर्ज नाहीच, ते भरून आपण धंदाच चालू ठेवतो. वेठबिगारीची शंका असेल तर तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे लेखी जावं आणि पोच घ्यावी. या कामासाठी कायद्यानं जिल्ह्यात दक्षता समिती असायला हवी. मुक्ती प्रमाणपत्र मिळालं तरच पुनर्वसनाचे पैसे मिळतात, त्यामुळे त्या कागदासाठी चिकाटी धरावी लागते. मूल असेल तर १०९८, तातडीचं असेल तर ११२.

आणि खरेदी. चर्च हे आपल्या भागातलं बऱ्यापैकी मोठं गिऱ्हाईक असतं, हे आपण विसरतो. सभागृह, कंपाउंड, शाळेची नवी इमारत. ठेकेदाराला दर विचारतो, सिमेंटचा ब्रँड विचारतो. मजुरी विचारत नाही.

त्या ८ फेब्रुवारीनंतर मावशींचा फोन आला होता. त्यांनी थप्पीतली एक वीट उचलून बघितली होती. “दोन अक्षरं आहेत गं. कोणाची, ते फादरना विचारायला सांगितलं मी.” फादरनी बांधकाम समितीला विचारलं, समितीनं ठेकेदाराला. ठेकेदार म्हणाला, माल तीन ठिकाणांहून येतो, बघून सांगतो. गेल्या मे महिन्यात सभागृहाचं उद्घाटन झालं. भिंतींना गिलावा झाला, रंग झाला. ठेकेदारानं भट्टीचं नाव आणि तिथला मजुरीचा दर अजून लिहून दिलेला नाही. समितीनं त्याचा शेवटचा हप्ता तेवढ्या एका कागदासाठी अडवून ठेवला आहे.